पेवाकडची भेग

घरात एकंदर सात भेगा होत्या. गिरिधरने त्या दोन दिवस फिरून, खडूने खुणा करत मोजल्या. माजघराच्या दक्षिण भिंतीत एक. ती जमिनीपासून निघून कोनाड्याच्या डाव्या अंगाने थेट तुळईच्या टोकापर्यंत गेली होती. समोरच्या भिंतीत, दाराच्या चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या दोन. चुलीच्या खोलीत पश्चिम कोपऱ्यात एक उभी. ओसरीच्या जोत्यात एक. तिने दगड फोडले नव्हते, त्यांच्या सांध्यासांध्यांतून ती पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेली होती. आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीत दोन, ज्यांत चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या.

सात मोजल्या, आणि त्यांतली एकच त्याने मापली. माजघरातली, दक्षिणेची. घरात सगळे तिला पेवाकडची भेग म्हणत.

दक्षिण भिंतीच्या पलीकडे त्याच्या चुलत्याचं, कडूबाकाकांचं अंगण होतं. चार वर्षांपूर्वी काकांनी त्या अंगणात ज्वारी साठवायला पेव खणलं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं फुगलेलं पोट, दीड पुरुष खोल. भिंतीपासून ते सहा हातांवर होतं. पुढच्याच उन्हाळ्यात माजघरातल्या भेगेत करंगळी जाऊ लागली, आणि गिरिधरच्या वडलांनी, रखमाजींनी, धाकट्या भावाशी बोलणं टाकलं.

दोन्ही घरांची विहीर एक, खळं एक, त्यामुळे अजिबात न बोलून चालत नसे. मग रखमाजी आपल्या बैलाशी बोलत. "ढवळ्या, उद्या मोट आपली हाये बरं का," असं ते मोठ्याने म्हणत, आणि पलीकडून कडूबाकाका आपल्या बैलाला विचारत, "ऐकलं का रं पवळ्या?" हसनाबादेतल्या लोकांना याची इतकी सवय झाली होती की कुणी हसतही नसे.

१९३६ साली चैत्र सरता सरता गिरिधर उस्मानिया विद्यापीठाची बी. एस्सी.ची परीक्षा देऊन जालन्याच्या स्टेशनावर उतरला आणि छकड्याने गावी आला. तिकडे विज्ञान सगळं उर्दूतून. दाब, फैलाव, वजन यांची उर्दू नावं त्याच्या तोंडात आधी येत आणि मराठी मागून. जेवण झाल्याबरोबर रखमाजींनी त्याला माजघरात नेऊन भेगेसमोर उभं केलं.

"हैदराबादेत चार साल काढले. बराबर का?"

"बराबर, आबा."

"मंग ही भेग कशानं पडली ते सिद्ध कर. कडूबा माझं ऐकून न्हाई राह्यला. तुझं ऐकंल."

"आधी मापावं लागंल."

"माप की. पन मिरग लागायच्या आत."

घाईचं कारण डोक्यावर होतं. घरावर हातभर जाड मातीचं माळवद होतं आणि त्याची मधली तुळई बरोबर त्या भेगेच्या वर टेकली होती. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या एका गावात अशीच एक तुळई सुटली, भिजलेलं माळवद खाली आलं आणि आत निजलेले दोघं दबून गेले. तेव्हापासून गिरिधरच्या आईने, तुळजाबाईंनी, आपली वाकळ चुलीच्या खोलीत नेली होती.

गिरिधरने बाभळीची एक पाचर तासली. आठ इंच लांब, एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला बरोबर एक इंच जाड. सुतारी हिशेबात इंचाचे आठ सूत. म्हणजे पाचर जितके इंच भेगेत जाईल, तितके सूत भेग रुंद. भिंतीवर छातीच्या उंचीला त्याने एक जागा ठरवली, तिथे खूण केली, आणि दर सोमवारी सकाळी त्याच जागी पाचर घालायची असं ठरवून टाकलं.

एकच अडचण होती. दर साल मृगाच्या आधी तुळजाबाई भेगांत शेणमाती दाबून भरत आणि वरून पांढऱ्या मातीने भिंत सारवत. दसऱ्याला पुन्हा सारवण होई. पुढच्या चैत्रात भेगा पुन्हा उघड्या पडत. त्यामुळे त्या घरात भेग कुणी पाहिली असेल ती उन्हाळ्यातच. पावसाळ्यात ती कशी असते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गिरिधरने आईला एवढंच सांगितलं, "माय, औंदा भेगा भरू नको."

"इचू निघतेत त्यातून."

"निघू दे."

"तुला काय, तू ओसरीत झोपतूस," तुळजाबाई म्हणाल्या. पण त्यांनी एकही भरली नाही.

पहिल्या सोमवारी दोन सूत. दुसऱ्या सोमवारी तो दोरी घेऊन काकांच्या अंगणात गेला, पेवाचं अंतर मापायला. काका लिंबाखाली दावं वळत बसले होते.

"या मापाडी! मापून मापून घराचं घर घेऊन जासाल."

"काका, पेवापोतूर दोरी धरायची व्हती."

"धर की. मीच धरतो एक टोक." ते उठले, दोरीचं टोक पेवाच्या तोंडाशी पायाखाली दाबून उभे राहिले. "आनी ती पाचर घालतूस म्हनं भिंतीत. लेका, माझ्या अन् दादाच्या मधी एक हायेच की पाचर. तू आनखी कामून ठोकतूस?"

घरातून झुंबरकाकू ओरडल्या, "त्याला तरी कशाला बोलता? तो काय बापाला नको म्हनंल?"

या दोघांना मूलबाळ नव्हतं. गिरिधरला नदीत पोहायला काकांनी शिकवलं होतं, आणि चौथीच्या परीक्षेला नदीला पाणी असताना त्यांनीच त्याला खांद्यावरून भोकरदनच्या वाटेला लावलं होतं. दोरी गुंडाळताना काका हळूच म्हणाले, "हे बघ, माझ्याबी घराला हायेत दोन-चार भेगा. मला काय कळत न्हाई कशानं पडल्या ते. दादाचं मी ऐकत न्हाई, कारन दादा बोलतो ते रागानं. तू रागानं बोलनार न्हाईस. तुझी पाचर जे सांगंल ते मला कबूल. पन तूच सांगायचं. दादानं न्हाई."

"बरं काका."

"इमानानं."

"इमानानं."

तिसऱ्या सोमवारी अडीच. त्याच आठवड्यात काकांनी पेव उघडून ज्वारी उपसायला घेतली. चौथ्या सोमवारी पावणेतीन, पाचव्या तीन. पेव रिकामं होत गेलं तशी भेग रुंदावत गेली. गिरिधरला ही जोडी फार आवडली. पेवात धान्य होतं तोवर त्या धान्याचा दाब होता. धान्य निघालं, पोकळी राहिली, तिच्याकडे माती सरकली, भिंतीखालचा आधार ढिला झाला. त्याने हे कागदावर आकृती काढून पाहिलं. आकृतीत भिंत होती, पेव होतं आणि दोघांच्या मध्ये एक बाण होता. उरलेल्या सहा भेगा त्या आकृतीत कुठेच नव्हत्या.

त्या दिवशी तो चुलीच्या खोलीत आईजवळ भाकरी खात बसला होता. हातातली पेन्सिल ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याने ती पश्चिम कोपऱ्यातल्या भेगेत खोचली, आणि ती तिथेच राहिली.

सातवा सोमवार मृगाच्या आदल्या आठवड्यात आला. साडेतीन सूत.

संध्याकाळी रखमाजी ओसरीवर बसले. कडूबाकाका खाली अंगणातच उभे राहिले. तीन वर्षांत त्यांनी ती पायरी चढली नव्हती. मागे झुंबरकाकू. गिरिधरने सातही आकडे वाचून दाखवले, पेवाचं अंतर सांगितलं, पेव कधी उघडलं ते सांगितलं, आणि माती कशी सरकते ते हाताने करून दाखवलं. बोलणं चांगलं झालं हे त्याचं त्यालाच कळत होतं.

काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पक्कं?"

"आकडे तसंच सांगतेत, काका."

"आकडे ऱ्हाऊ दे. तू काय म्हनतूस?"

गिरिधरने वडलांकडे पाहिलं नाही. त्याला तशी गरजही वाटली नाही. "पेवानंच," तो म्हणाला.

रखमाजी गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं का रं ढवळ्या? तीन साल मी बोंबलून राह्यलो, तवा कुनाला खरं वाटलं न्हाई. भाऊ भावाच्या घरावर उठलाय म्हनलं तर मलाच येड्यात काढलं."

"आता बस करा," तुळजाबाई दारातून म्हणाल्या.

"बस कामून? माळवद माझ्या डोक्यावर पडनार व्हतं का त्याच्या?"

झुंबरकाकू पुढे झाल्या. "गिरधर, पोटच्या पोरावानी तुला—"

"गप ए," काका म्हणाले. "मी कबूल केल्तं." आणि वळून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेवात मुरूम टाकायला सुरुवात केली. गिरिधर पाटी घेऊन गेला. काकांनी त्याच्या हातातली पाटी काढून घेतली. "शिकल्याला मानूस हायेस. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तिसऱ्या दिवशी पेव तोंडापर्यंत भरलं, वरची माती चोपून झाली, आणि त्याच आठवड्यात पाऊस लागला.

काकांनी पेरणी केली. पेरणी आटोपली तशी जमीन कारभारी नावाच्या शेजाऱ्याला बटईने लावली, घराची दारं चौकटींसकट काढली, वरचे चांगले वासे तेवढे उतरवले आणि छकड्यात घालून ते झुंबरकाकूंच्या माहेरी, जांबेला, निघून गेले. रखमाजींचं ओसरीवरचं बोलणं तोवर चावडीपर्यंत पोचलं होतं. 'भाऊ भावाच्या घरावर उठला' हे वाक्य विहिरीवरही ऐकू येई. काका कारभारीला फक्त एवढंच म्हणाले होते, की ज्या अंगणानं दादाची भिंत फाडली तिथं बसून भाकर जात न्हाई.

गिरिधर तेव्हा गावात नव्हता. तो पास झाला होता आणि नव्या जालन्यात खोली घेऊन तिथल्या एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होता. नागपंचमीला तो घरी आला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला दार नसलेलं घर दिसलं. त्यातून आरपार मागचा लिंब दिसत होता.

रखमाजी आनंदात होते. "आधी पाचर घे," ते म्हणाले. "पाय मंग धू."

पाचर पाऊण इंच गेली आणि अडली. साडेतीनावरून पाऊण सूत. 

"बघ! पेव बुजिवलं अन् भेग मिटली. समद्या गावाला आनून दाखिवली मी. तहसिलीतला मुन्शी आल्ता, तो बी बघून गेला."

गिरिधरला अभिमान वाटला, हे त्याला पुढे बराच काळ आठवत राहिलं. हसतच तो चुलीच्या खोलीत पाणी प्यायला गेला. कोपऱ्यात त्याची पेन्सिल भिंतीतून सरळ बाहेर आली होती, खुंटीसारखी. तुळजाबाईंनी तिला लसणाची जुडी टांगली होती.

"किती ओढली म्या," त्या म्हणाल्या. "निघतच न्हाई. मंग म्हनलं असू दे, कामाला येती."

त्याने जुडी उतरवली आणि पेन्सिल ओढली. ती हलली नाही. वैशाखात ती या भेगेत सैल लटपटत होती. भेग इतकी रुंद होती की आत घसरून पडेल म्हणून त्याने ती तिरपी खोचली होती. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. पेन्सिल मोडली. अर्धी हातात आली, अर्धी भिंतीने धरून ठेवली.

पेवापासून हा कोपरा घराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मध्ये माजघर होतं, दोन भिंती होत्या. मोडकी पेन्सिल घेऊन तो तिथे इतका वेळ उभा राहिला, की तुळजाबाईंनी विचारलं, "लई महागाची व्हती का रं?"

तो सगळ्या घरातून फिरला. चौकटीवरच्या दोन तिरप्या भेगा केसासारख्या झाल्या होत्या. जोत्यातले सांधे बंद. गोठ्याच्या भिंतीतून चिमण्यांच्या काड्या चुरडून बाहेर आल्या होत्या. सातही भेगा मिटल्या होत्या.

त्याने कुदळ घेतली. तुळजाबाई दारात आडव्या झाल्या. "आज पंचीम हाये. आज मातीला लोखंड लावायचं न्हाई. येडा झाला का काय?"

तो थांबला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने चुलीच्या खोलीमागे पाया उकरला. दोन हात काळे दगड, मातीत बसवलेले. त्यांच्या खाली काळी माती. ओली, फुगलेली, कुदळीला चिकटून सुटेना अशी. ओसरीशी उकरलं, तिथेही काळी. माजघराच्या दक्षिणेला उकरलं, तिथेही तीच.

हे घर पांढरीवर आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. गाव वसतं ते पांढरीवर आणि पिकतं ते काळीत, इतकी ती वाटणी माणसांच्या डोक्यात पक्की असते. घराखाली कोणती माती आहे हे कुणी उकरून पाहत नाही. गिरिधरच्या आज्याने आपल्या दोन मुलांसाठी दोन घरं बांधली तेव्हा गावठाणात जागा उरली नव्हती, म्हणून त्याने ती गावाच्या उताराला, शेताच्या कडेला बांधली. वरून पांढरी माती ओढून घेतली, सारवली, आणि पुढे ती पांढरीच झाली. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्यांत बैलाचा पाय अडकतो, पाऊस पडला की त्या मिटतात, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रखमाजींना माहीत होतं, कडूबाकाकांना होतं, गिरिधरलाही होतं. पण ती शेताची गोष्ट. तीच माती भिंतीखाली असेल तर तीही उन्हात आकसेल, भिंत तिच्यासोबत उतरेल आणि फाटेल, पावसात ती फुगून भिंतीला पुन्हा उचलेल, हे दारातून आत येताना सगळे बाहेरच ठेवून येत होते. त्याने सात आठवडे मापलं होतं ते सगळे उन्हाचे. माती वाळत होती म्हणून भेग रुंदावत होती, आणि त्याच उन्हाच्या दिवसांत लोक पेव उपसतात म्हणून पेव रिकामं होत होतं.

त्याने हे वडलांना सांगितलं. रखमाजी चिखलाने भरलेल्या खड्ड्याकडे पाहत राहिले.

"मंग भेग मिटली ती?"

"पेव बुजलं अन् पाऊस लागला, दोन्ही एकाच हप्त्यात झालं. कशानं मिटली ते आज सांगता येत न्हाई. पेव तर आता कायमचं बुजलं. भेग पेवाची असंल तर येत्या उन्हाळ्यात उघडायची न्हाई. काळ्या मातीची असंल तर उघडंल."

"आनी उघडली तर?"

गिरिधर कुदळीला चिकटलेली माती काढत राहिला.

"फैसला कुनी दिला? मी दिला?" रखमाजी म्हणाले. "मी तर बिनशिकलेला, बैलाशी बोलनारा मानूस. तू दिलास." मग बायकोला हाक मारून म्हणाले, "तुळजे, आजच्या आज भेगा भरून टाक सगळ्या. काय तमाशा लावलाय."

"आज न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "दसऱ्याला भरीन."

दसऱ्याला त्यांनी सगळं घर सारवलं. सहा भेगा भरल्या. सातवीही वरपासून खालपर्यंत भरली, फक्त गिरिधरच्या खुणेभोवती हातभर चौकोन कोरा ठेवला. रखमाजींनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला.

जालन्याला जाताना गिरिधरने फडक्यात बांधून पायाखालची माती नेली होती. खोलीवर त्याने ओल्या मातीची एक वडी पाडली, बरोबर सोळा सूत लांब, आणि आठ दिवस खिडकीत वाळवली. वाळल्यावर ती चौदा सूत भरली.

दिवाळीच्या सुटीत तो जांबेला गेला. गावात शिरताना समर्थांच्या देवळापाशी त्याने पाय धुतले, आणि विचारत विचारत झुंबरकाकूंच्या भावाच्या शेतात पोचला. काका कापूस वेचत होते. सासुरवाडीच्या शेतात, बायामाणसांच्या रांगेत.

"आला का माझा मापाडी!" ते म्हणाले आणि खरोखरच हसले. "वाळून ग्येलास रं. जालन्यात जेवाया मिळत न्हाई का?"

झुंबरकाकूंनी तांब्या आणून ठेवला. "पाचर आनली का संगं?" त्यांनी विचारलं. "आमच्या भावाच्याबी घराला भिंती हायेत."

"काकू, त्याच्यासाठीच आलो."

बांधावर बसून त्याने सगळं सांगितलं. पेन्सिल, खड्डा, मातीची वडी. हाताने काही करून दाखवलं नाही. काका पायाजवळचं ढेकूळ उचलून बोटांनी कुस्करत होते. जांबेची मातीही काळीच होती.

"म्हंजी पेवानं न्हाई पडली?"

"बहुतेक न्हाई. पन पक्कं सांगायला एक उन्हाळा पाहिजे. पुढच्या मिरगाच्या आधी मापतो. आनी मंग मी सोता येऊन—"

"थांब," काका म्हणाले. त्यांनी हातातलं ढेकूळ पूर्ण कुस्करून टाकलं. "हे बघ गिरधर. इथं आल्यावर म्हयनाभर मला झोप न्हवती. दादानं नाहक आळ घेतला, हेच डोस्क्यात. मंग एक दिस सोताला म्हनलं, पोरगं आपल्याशी खोटं बोलायचं न्हाई. इमान दिलंय त्यानं. म्हंजी चूक आपलीच हाये. आपन भावाची भिंत फाडली. असं म्हनलं आन् मंग झोप लागली. दादाचा राग बिलकुल ग्येला. आता तू म्हनतूस, ते उलटं निघंल."

"उलटं निघालं तर परत चला, काका."

"कुठं चलू? कारभारी सांगून ग्येला, भादव्यात माळवद खाली आलं. लिंब तेवढा उभा हाये." त्यांनी हात झटकले. "तू माप. मापायचं सोडू नको. पन माप मला सांगाया येऊ नको."

"कामून?"

"उलटं निघालं तर मी पुन्ना दादावर राग धरू का? या वयात? का तुझ्यावर धरू?" ते उठले, कमरेची झोळी सारखी केली. "तुझ्यावर तर मला जमायचंबी न्हाई."

झुंबरकाकू त्याला वाटेपर्यंत पोचवायला आल्या. वळताना म्हणाल्या, "मला सांग. त्याहिला नको सांगू. मला सांग."

"बरं काकू," तो म्हणाला. आणि बरं म्हणताना त्याला कळेना की आपण कुणाला दिलेला शब्द पाळणार आहोत.

पुढच्या चैत्रात तो गावी आला तेव्हा कडूबाकाकांच्या घराच्या जागी मातीचा ढीग होता आणि त्यावर तरोटा वाळून उभा होता. रखमाजी वर्षभरात थकले होते. ढवळ्या पोळ्यानंतर मेला होता, आणि आता ते कुणाला उद्देशूनच मोठ्याने बोलत नसत. मृगाच्या आदल्या सोमवारपर्यंत गिरिधरने माजघरात पाय ठेवला नाही. मधले आकडे पाहिले तर आपण पुन्हा आकृती काढायला बसू, अशी त्याला भीती होती.

त्या सोमवारी ऊन फार होतं. रखमाजी ओसरीवर पाठ करून बसले, आत आले नाहीत. तुळजाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. चौकोनाच्या वर आणि खाली त्यांनी दसऱ्याला भरलेली शेणमाती वाळून सुटली होती आणि जमिनीवर तिचे तुकडे पडले होते. गिरिधरने चौकोनातली धूळ फुंकली, खुणेवर पाचर लावली आणि ती अडेपर्यंत आत घातली. मग अंगठ्याच्या नखाने जागा धरून बाहेर काढली आणि दाराशी उजेडात नेली.

"किती?" रखमाजींनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

गेल्या साली याच सोमवारी भेग साडेतीन सूत होती.

"पावणेचार," गिरिधर म्हणाला.